शहरातल्या छोट्या प्रवासी बोटी: बसावं कुठे, चढावं कसं, अडतं कुठे?

पाणकावळा (धागाकर्ता)

पाण्याकाठच्या शहरात गेलेला माणूस बहुधा दोनच गोष्टी करतो. एक तर कर्ण्यावरून माहिती सांगणाऱ्या जलसफरीचं तिकीट काढतो, नाहीतर काठावर उभा राहून फोटो काढतो. तिथली माणसं रोज कामाला ज्या बोटीनं जातात, तिच्यात बसायचं मात्र राहून जातं. व्हँकुव्हरच्या फॉल्स क्रीकमध्ये बारा माणसांच्या, खेळण्यातल्या वाटाव्यात अशा बोटी फिरतात. व्हेनिसचे वापोरेत्तो, इस्तंबूलचे वापूर, हाँगकाँगची स्टार फेरी, बँकॉकच्या कालव्यातल्या लांबट बोटी, कोचीची वॉटर मेट्रो, ही सगळी त्याच जातीची. (वापूर काय, वापोरेत्तो काय, दोन्ही शब्द वाफेवरून आलेत. म्हणजे आपली आगबोटच.) जलसफर तासभर गोल फिरवून जिथल्या तिथे आणून सोडते. या बोटी धक्क्याधक्क्याला लागतात आणि शहर मागच्या दारानं दाखवतात: गोद्या, गोदामं, पुलांची पोटं.

माझं ठाम मत असं की वरच्या मजल्यावर, अगदी पुढे, कठड्याला चिकटून बसावं. बाकी जागा फुकट.

ज्यांना या बोटींची आतून माहिती आहे त्यांनी सांगा: हे मत बरोबर आहे का? चढण्याआधी काय बघावं? आणि फेरी अडते, रखडते, रद्द होते ती नेमकी कशामुळे? 'आम्ही गेलो होतो तेव्हा' नको, फोटो नकोत. कामाचं बोला.

रिकामटेकडी

वरचा मजला, अगदी पुढे. म्हणजे टोपी दर्याला अर्पण. नारळ परवडला.

मीटरपट्टी

मत अर्धं बरोबर. पुढचं टोक नजरेला चांगलं, पोटाला वाईट. लाटेवर बोट सी-सॉसारखी डोलते, आणि तिचा टेकू मध्यभागी, खरं तर मध्याच्या किंचित मागे असतो. टेकूपासून जितकं लांब तितका झोका मोठा. वर-खाली होणं पुढच्या टोकाला सर्वात जास्त, डाव्या-उजव्या बाजूला कलणं वरच्या मजल्यावर सर्वात जास्त. धागाकर्त्यानं दोन्ही झोके एकाच खुर्चीत गोळा केलेत.

ज्याला मळमळतं त्यानं खालच्या मजल्यावर, मध्याच्या जरा मागे, क्षितिज दिसेल अशा जागी बसावं. काच चालेल, पण धुरकट नको. मोबाईलमध्ये डोकं घालायचं नाही; डोळे सांगतात 'स्थिर आहे', कान सांगतात 'हलतंय', त्या भांडणात पोट मध्ये सापडतं.

एक बारकावा. माणसाला सर्वात जास्त त्रास होतो तो साधारण पाच सेकंदांत एक पूर्ण झोका या संथ गतीचा. छोट्या बोटीचं हलणं त्यापेक्षा भरभर असतं. म्हणून चालत्या बोटीत सहसा काही होत नाही, आणि धक्का रिकामा नाही म्हणून बोट बाहेर थांबून राहिली आणि खालून लांब लाट आली, की रांगेनं चेहरे पांढरे पडायला लागतात. गोळी घ्यायची असेल तर चढण्याआधी अर्धा-एक तास. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटातून पुढे सरकतच नाही.

घाटावरचा

मग मागे बसलं तर? मागे तर झोकाही कमी आणि पांढरा फेसही दिसतो.

मीटरपट्टी

@घाटावरचा, मागे धूर. चालत्या बोटीच्या मागच्या बाजूला हवेचा भोवरा तयार होतो आणि डिझेलचा धूर उलटा आत ओढला जातो. वारा मागून, बोटीच्याच वेगानं येत असेल तर धूर बोटीबरोबर प्रवास करतो, हटतच नाही. शिवाय इंजिन बहुतेक वेळा तिथेच पायाखाली. विजेवरच्या बोटीत हा प्रश्न मिटतो, तिथे खुशाल मागे बसा.

सुकाणू

बसण्याआधी चढावं लागतं, त्यावर कोणी बोललेलं नाही. छोट्या बोटीत बहुतेक दुखापती पाण्यावर होत नाहीत, धक्का आणि बोट यांच्यातल्या हातभर फटीत होतात.

बोट एका जागी कधीच नसते. दुसऱ्या बोटीची लाट आली की ती धक्क्यापासून सुटते, परत येऊन रबरी बफरवर आपटते. बारा माणसांची बोटसुद्धा टनांत मोजायची. तेव्हा बोट धक्क्याला आदळू नये म्हणून हात किंवा पाय मध्ये घालणं हा सगळ्यात मोठा मूर्खपणा. ते काम बफरचं.

चढताना खलाशानं दोरी खुंट्याला गुंडाळून मान हलवेपर्यंत थांबायचं. बोट वर येत असताना, वरच्या टोकाला पोचली की पाऊल टाकायचं. उडी नाही, पाऊल. वर असताना टाकलेलं पाऊल बोटीबरोबर खाली जातं. खाली जाताना टाकलं तर पायाखालची फळी निघून गेलेली असते. पाऊल थेट आतल्या फरशीवर, काठावर नाही. काठ ओला आणि गोल असतो. एक हात कायम मोकळा. पाठपिशवी एका खांद्यावर असेल तर ती घसरून नेमक्या वेळी तोल घालवते; एक तर दोन्ही खांद्यांवर, नाहीतर आधी खलाशाच्या हातात. बारा माणसांच्या बोटीत चढल्यावर पहिलं पाऊल मध्यभागी, मग बसायचं, मग सरकायचं.

आणि ताणलेल्या दोरीच्या रेषेत उभं राहायचं नाही. तुटली तर ती चाबकासारखी त्याच रेषेत मागे येते.

टिवटिवी

इस्तंबूलमध्ये तर फळी लागायच्या आत लोक उड्या मारून पसार होतात की! हे सगळं वाचून ते सगळे एव्हाना हॉस्पिटलात असायला हवेत.

सुकाणू

@टिवटिवी, ते रोजचे प्रवासी. शिवाय तिथे भरती-ओहोटीचा फरक नगण्य, त्यामुळे धक्का आणि बोटीचा काठ यांची उंची रोज सारखीच. आपण फळीची वाट बघावी.

घाटावरचा

एक शंका. बोट बांधलेली असताना इंजिन पुढे जाण्याच्या गिअरमध्येच चालू असतं, पाणी मागे फेकलं जात असतं आणि लोक चढत असतात. हे धोकादायक नाही का? बंद का नाही करत?

सुकाणू

उलट तेच सुरक्षित. चार दोऱ्या बांधायला मिनिटभराच्या थांब्यात वेळ नसतो. म्हणून एकच दोरी, बोटीच्या मध्यापासून मागच्या दिशेनं तिरकी, धक्क्यावरच्या खुंट्याला. इंजिन हळू पुढे, सुकाणू धक्क्याच्या विरुद्ध बाजूला वळवलेलं. बोट पुढे जायला बघते, दोरी जाऊ देत नाही. पंख्याचं (प्रोपेलरचं) पाणी सुकाणूवर आपटून मागची बाजू धक्क्याकडे ढकलतं. परिणाम असा की बोट धक्क्याला चिकटून बसते. इंजिन बंद केलं तर ढिली पडेल आणि फट उघडेल. व्हेनिसमध्ये प्रत्येक थांब्यावर खलाशी दोरीचा फास खुंट्यावर टाकतो, दोरी करकरते आणि बोट गप्प उभी राहते. बघत राहावं असं काम आहे.

याचा उपयोग असा: दोरी सैल दिसली की त्या क्षणी चढायचं नाही. ताठ झाली की चढायचं.

अजून एक. एकाच पंख्याच्या बोटीत इंजिन उलटं फिरवलं की मागची बाजू सरळ न राहता एका अंगाला सरकते. नेहमीच्या उजव्या फिरकीच्या पंख्यानं ती डावीकडे जाते. म्हणून अशा बोटीचा चालक शक्यतो डावी बाजू धक्क्याला लावतो: शेवटी उलटा गिअर टाकला की बोट थांबते आणि मागची बाजू आपोआप धक्क्याला टेकते. दोन पंखे किंवा आडवा ढकलणारा थ्रस्टर असेल तर त्याला काही फरक पडत नाही.

रिकामटेकडी

म्हणजे उजवीकडे बसलं तर थांब्यावर लोकांच्या पिशव्या मांडीवर येणार नाहीत. इतकं भौतिकशास्त्र शाळेत शिकवलं असतं तर लक्ष दिलं असतं.

शिंपला

भरती-ओहोटी हा मुद्दा एका ओळीत गेला, पण फेरी रखडण्याचं निम्मं कारण तिथेच आहे. व्हेनिसला फरक सुमारे मीटरभर, मुंबईला उधाणाच्या दिवसांत चार-पाच मीटर. म्हणजे सकाळी ज्या धक्क्यावरून सपाट चालत बोटीत गेलात तिथे दुपारी दीड मजला खाली उतरावं लागतं.

दोन प्रकारचे धक्के असतात. पायऱ्यांचा पक्का धक्का: पाणी उतरलं की खालच्या, शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात, आणि घसरतात त्या याच. शेवाळाची रेषा बघून ठेवायची. तिच्या खाली पाऊल पूर्ण टेकवून, कठडा धरून. दुसरा तरंगता धक्का, पाण्याबरोबर वर-खाली होणारा. तिथे बोट आणि धक्का कायम एका पातळीत, पण काठावरून धक्क्यावर येणारा उतार बदलतो. २४ मीटर लांबीचा पूल आणि २ मीटर उतार म्हणजे १:१२, व्हीलचेअर एकट्यानं नेता येते. तोच उतार ४ मीटर झाला की १:६, तिथे ढकलणाऱ्यालाही घाम फुटतो. व्हीलचेअर, बाबागाडी, जड सायकल असेल तर भरतीच्या आसपासची फेरी धरा. कोचीच्या वॉटर मेट्रोचे धक्के तरंगते आहेत, त्यामुळे बोटीत शिरताना पायरी लागत नाही.

वेळेचा अंदाज बाराव्या हिश्शाच्या नियमानं करतात. ओहोटीच्या सहा तासांत पाणी सारख्या गतीनं उतरत नाही: पहिल्या तासात एकूण फरकाच्या १/१२, मग २/१२, मग ३/१२, ३/१२, २/१२, १/१२. फरक ४.८ मीटर असेल तर तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून २.४ मीटर पाणी जातं. प्रवाह सर्वात जोराचा तेव्हाच, बोट धक्क्याला लावायला वेळ लागतो तोही तेव्हाच.

आणि भरतीची वेळ काढायला तिथीचा पाऊणपट! अष्टमी असेल तर ८ चे पाऊणपट ६, म्हणून पूर्ण भरती सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमाराला. कुठेही चालतं.

मीटरपट्टी

@शिंपला, सगळं मान्य, शेवटचे दोन शब्द सोडून. 'कुठेही' चालत नाही. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येतो, तिथीच्या हिशेबात ती ४५ धरलीत, इतपत ठीक. पण गणित शून्यापासून सुरू होतं म्हणजे अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमाराला असते असं गृहीत धरलंय. कोकण किनाऱ्यावर ते जवळपास खरं आहे. प्रत्येक बंदराचा हा आकडा वेगळा असतो, आणि नदीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा. शिवाय व्हिएतनामजवळच्या टोंकिन आखातासारख्या ठिकाणी दिवसात एकच भरती येते. तिथे तिथी घेऊन बसलात तर बोट हुकेल. त्या बंदराचं छापील कोष्टक बघावं हेच बरं.

शिंपला

मान्य. 'कुठेही' मागे घेते. पाऊणपट मागे घेत नाही!

कासवछाप

नदीवरचं वेगळं संकट म्हणजे हुगळीवरचा 'बान'. भरतीचं पाणी नदीच्या तोंडातून भिंतीसारखं उलटं वर चढतं. त्या वेळी बोटी धक्क्यावरून सोडून नदीच्या मध्यभागी नेतात. खोल पाण्यात लाट फुटत नाही, धक्क्याला बांधलेली बोट मात्र आपटून फुटू शकते. मध्येच फेरी बंद झाली की प्रवासी तिकीट खिडकीशी भांडतात. भांडून उपयोग नाही.

व्हेनिसमध्ये उलटी गंमत: पाणी फार चढलं की बोट पुलाखालून जात नाही, म्हणून काही मार्ग बदलतात किंवा मध्येच तोडतात. बँकॉकच्या सेन सेप कालव्यात यावर उपाय म्हणून बोटीचं छतच खाली घेता येतं. पूल आला की छत खाली, पुढे गेलं की वर.

बुडबुडा

सेन सेपचं नाव निघालंच आहे तर: तिथे काठाच्या सीटवर बसणं म्हणजे नोकरी पत्करणं. दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचे पडदे असतात आणि त्यांची दोरी काठच्या प्रवाशाच्या हाताशी. समोरून बोट आली की दोरी ओढून पडदा वर, गेली की खाली. विसरलात तर कालव्याचं पाणी अख्ख्या रांगेच्या अंगावर, आणि ते पाणी काही तीर्थ नव्हे. तिकीट देणारे बोटीच्या बाहेरच्या काठावरून चालतात, डोक्याला हेल्मेट, कारण पूल खरोखरच डोक्याला लागतात.

बँकॉकच्याच चाओ फ्राया नदीच्या मोठ्या बोटीत मागच्या खलाशाच्या शिट्टीकडे लक्ष द्यावं. चालकाला मागचं दिसत नाही. किती अंतर उरलं, दोरी पडली का, लोक चढले का, सगळं शिट्टीवर. शिट्ट्या घाईच्या झाल्या की आपण दारात असायला हवं. बोट पूर्ण थांबेल अशी वाट बघत बसलात तर पुढचा थांबा तुमचा.

टिवटिवी

भोंग्यांचंही सांगा कोणीतरी. दर दोन मिनिटांनी वाजतो आणि सगळे एकमेकांकडे बघतात.

सुकाणू

एक छोटा भोंगा: मी उजवीकडे वळतोय. दोन छोटे: डावीकडे. तीन छोटे: माझं इंजिन उलटं चालू आहे. (बोट मागे सरकत असेलच असं नाही, वेग मारण्यासाठीही उलटं टाकतात.) पाच किंवा जास्त छोटे: तुझं काय चाललंय ते मला कळत नाही. आणि दर दोन मिनिटांच्या आत एक लांब भोंगा वाजत असेल तर धुकं आहे आणि बोट चालती आहे. दोन लांब म्हणजे इंजिनाची, पण पाण्यावर थांबलेली. हे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, पण काही देशांच्या अंतर्गत पाण्यात अर्थ थोडे वेगळे असतात. धक्का सोडताना एक लांब भोंगा देण्याचा नियम अमेरिकेच्या अंतर्गत पाण्यात आहे.

रिकामटेकडी

पाच छोटे = 'डोळे फुटले का रे'. आपल्याकडे रिक्षावाले एकाच भोंग्यात हे सगळं बसवतात.

कासवछाप

स्टार फेरीबद्दल थोडं, कारण तिथे 'पुढे' आणि 'मागे' हा वादच निकालात निघतो. ती बोट दुतोंडी आहे. दोन्ही टोकांना चालकाची खोली, दोन्ही टोकांना पंखा. पलीकडे पोचली की वळत नाही, चालक या टोकाकडून त्या टोकाला जातो आणि निघते. वळण्यात जाणारा वेळ वाचतो आणि गजबजलेल्या बंदरात बोट आडवी करावी लागत नाही. आतल्या लाकडी बाकांच्या पाठी पलटतात. चढल्यावर बाकाची पाठ पलटून जायच्या दिशेला तोंड करून बसायचं, कोणाची परवानगी लागत नाही. दोरी खलाशी लांब काठीच्या आकड्यानं पकडून घेतो.

मुंबईकडून गेलेल्या दोराबजी नवरोजी या पारशी गृहस्थांनी १८८८ मध्ये ही सेवा सुरू केली. 'स्टार फेरी' हे नाव १८९८ पासूनचं. सिडनीत मॅनली या उपनगराला जाणाऱ्या, फ्रेशवॉटर वर्गातल्या बोटीही दुतोंडीच. त्या मात्र बंदराच्या तोंडासमोरून जातात. तिथे पाचेक मिनिटं खुल्या समुद्राची लाट आडवी लागते. संबंध प्रवास शांत आणि मध्येच झोका, तो तेवढ्यासाठी.

घाटावरचा

बोट मध्येच बंद पडते ती कशानं? आणि आपल्याला आधी कळू शकतं का?

मीटरपट्टी

बंदरात आणि नदीत कारण बहुतेक एकच: कचरा. तो दोन जागी अडकतो. पंख्याला दोरखंड किंवा प्लॅस्टिक गुंडाळलं तर बोट थरथरते, इंजिनाचा आवाज जड होतो, वेग पडतो. चालक गिअर काढून थोडं उलटं फिरवतो, निम्म्या वेळा गुंडाळी सुटते. दुसरी जागा थंड पाण्याच्या तोंडाची. बोटीचं इंजिन बाहेरचं पाणी ओढून थंड ठेवतात. त्या तोंडावर पिशवी किंवा जलपर्णी बसली की पाणी बंद, तापमान वर, इंजिन बंद करावं लागतं. मग खलाशी फळी उचलून गाळणी उघडतो, मूठभर लगदा काढतो, परत बसवतो. दहा मिनिटांचं काम. गाळणीचं झाकण नीट बसलं नाही तर पंप हवा ओढतो आणि पुन्हा तेच.

बाहेरून कळतं. बऱ्याच बोटींत वापरलेलं पाणी धुराड्यातूनच बाहेर पडतं. मागे किंवा कुशीला 'फुस्-फुस्' करत पाण्याची पिचकारी दिसते. ती पिचकारी बारीक झाली आणि पांढरी वाफ वाढली, तर पाणी कमी पडतंय. खलाशाला सांगा, त्याला राग येणार नाही.

बुडबुडा

हा प्रतिसाद वाचनखुणेत. एक विचारायचं: इंजिन मोठं टाकलं तर या बोटी जोरात का नाही जाऊ शकत? दोन थांब्यांत माणूस चालत पोचेल.

मीटरपट्टी

पाणी कापत जाणारी बोट स्वतःच्याच लाटेत अडकते. पाण्यातली लांबी ६ मीटर असेल तर सहा नॉट, म्हणजे तासाला ११ किमी ही जवळपास मर्यादा. १० मीटरला साडेसात नॉट, सुमारे १४ किमी. पुढे इंजिन कितीही ओता, नाक वर चढतं, डिझेल जळतं आणि काठाची धूप होते. म्हणून वेगवान बोटी दोन अरुंद पोटांच्या करतात. त्यांचं डोलणं झटक्यांचं, चहा सांडणारं असतं.

मोठं जहाज शेजारून गेल्यावर त्याची लाट मिनिटभरानं येते. चालक अचानक वळला तर घाबरू नका, तो लाट तिरकी घेतोय. आडवी घेतली तर बोट कलते, समोरासमोर घेतली तर आपटते, ४५ अंशांच्या आसपास दोन्ही कमी.

शिंपला

लाइफ जॅकेट सक्तीनं घालायलाच हवं असं माझं मत. सीटखाली ठेवून काय उपयोग?

सुकाणू

उघड्या बोटीत घालावंच, हे बरोबर. पण बंद केबिनच्या बोटीत प्रश्न एवढा सोपा नाही. केबिनमध्ये पाणी शिरलं तर फोमचं जॅकेट माणसाला छताला चिकटवतं, खाली बुडी मारून दारातून निघता येत नाही. हवेनं फुगणारं जॅकेट तर आत फुगवायचंच नाही. म्हणून केबिनमध्ये जॅकेट कुठे आहे, दार आणि फुटणारी खिडकी कुठे आहे, हे बघून ठेवायचं आणि काही वाटलं तर जॅकेटसकट आधी बाहेर यायचं. सक्ती असेल तर घालून दाराजवळ बसा.

घालताना कमरेचा पट्टा खरोखर आवळायचा. सैल जॅकेट पाण्यात वर सरकतं आणि नाकातोंडावर येतं. मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा असतो, तोच बहुतेक लोक बांधत नाहीत. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाला घालणं म्हणजे न घातल्यासारखंच.

आणि खरा धोका गर्दीचा. बोटीचं गणित करताना माणशी ७५ किलो धरतात, सगळे एका कडेला जमले तर बोट १० अंशांहून जास्त कलू नये असा दंडक आहे. तो मंजूर संख्येचा. जास्तीची माणसं वरच्या मजल्यावर चढवली की वजन वर सरकतं, आणि मग डॉल्फिन दिसला म्हणून सगळे एका बाजूला धावले तर कललेली बोट परत सरळ व्हायला कचरते. दाराजवळ मंजूर संख्येची पाटी असते. ती वाचा आणि डोकी मोजा. मोजणी जुळत नसेल तर पुढची बोट.

रिकामटेकडी

सगळं पाण्यात बुडवलंत! इंजिनच नसलेल्या बोटींबद्दल कोणी बोलणार का?

कासवछाप

स्वित्झर्लंडमधलं बासेल. ऱ्हाईन नदीवर चार लाकडी बोटी, इंजिन नाही, शीड नाही. नदीवर आडवी तार, तिच्यावर धावणारी कप्पी, कप्पीपासून दोरी बोटीला. नावाडी बोट प्रवाहाला तिरकी धरतो, पाणी तिच्या कुशीवर दाब देतं आणि बोट आडवी सरकते. परत येताना दोरीचा आणि सुकाणूचा कोन उलटा. पाणी फार चढलं तर बंद, इतकाच नखरा. अर्थात ही काठाकाठानं जात नाही, फक्त आरपार.

शिंपला

फिरायचंच असेल तर मार्गाचा प्रकार आधी बघा. एकाच दिशेनं गोल फिरणारा मार्ग असेल तर शेजारचा थांबा एका दिशेला पाच मिनिटांवर आणि उलट दिशेनं पाऊण तासावर असू शकतो. तीन-चारदा चढ-उतार असेल तर दिवसभराचा पास, नाहीतर सुटं तिकीट. परतीची शेवटची बोट त्या थांब्यावरून किती वाजता सुटते ते तिथल्याच फलकावर बघायचं. जाहिरातीतली वेळ बहुधा पहिल्या थांब्याची असते. आणि शेवटच्या बोटीवर कधीच विसंबायचं नाही, तिच्या आधीची धरायची. बारा माणसांची बोट भरली तर तेरावा काठावर.

पाणकावळा (धागाकर्ता)

सगळ्यांना दंडवत. मूळ मत सपशेल बदलतोय. वरचा मजला, पण पुढे नाही, मध्याच्या जरा मागे. धक्का ज्या बाजूला लागतो त्याच्या विरुद्ध बाजूला. वारा ज्या अंगानं येतोय ते अंग टाळून. 'कठड्याला चिकटून' मात्र ठेवतोय.

वाऱ्याचं एक विचारायचं होतं: बांधलेल्या बोटीवरचा झेंडा बघून ठरवावं का?

मीटरपट्टी

झेंडा बांधलेल्या बोटीत खरा वारा दाखवतो, चालत्या बोटीत त्यात बोटीचा वेग मिसळतो. म्हणून समोरून येणारी दुसरी चालती बोट बघा: तिच्या ज्या कुशीवर तुषार उडतायत, तुमच्या बोटीची दुसरी कूस ओली होणार. वारा पाठीमागून असेल तर दोन्ही कोरड्या, आणि मग वर सांगितलेला धूर.

सुकाणू

'कठड्याला चिकटून' चालेल. फक्त धक्का जवळ आला की हाताची कोपरं आणि बोटं कठड्याच्या आत. शेजारी दुसरी बोट लावणार असतील तर दोन्ही बाजूंना. आणि पोरं मांडीवर.